हाताएवढी जागा

१

फाईल जागेवर होती, तिची दोरी जागेवर होती, दोरीची गाठही तशीच होती. फक्त मधलं एक पान नव्हतं.

मोठ्या सिस्टरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि फाईल खिडकीपाशी नेली. दोरीच्या भोकाशी कागदाचा एक तिकोनी तुकडा तेवढा अडकून राहिला होता. पान सोडवून घ्यायला वेळ नव्हता किंवा दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून कुणीतरी ते नुसतं ओढून फाडलं होतं. खालच्या पानावर अंगठ्याचा एक तेलकट, पिवळसर डाग पडला होता. इतका स्पष्ट की अंगठ्याच्या रेषा मोजाव्यात.

"मलमाचा डाग आहे," शिकाऊ डॉक्टर म्हणाली. तिला या वॉर्डात येऊन महिनाच झाला होता. "इथे सगळीकडेच असतात, सिस्टर. पण पान गेलं कुठं? मीच काढलं होतं ते चित्र."

जळीत वॉर्डात बावीस वर्षं काढल्यावर माणूस सहसा दचकत नाही. पण हे पान कुठलं ते कळलं आणि मोठ्या सिस्टर दचकल्या. प्रत्येक पेशंटच्या फाईलमध्ये माणसाच्या दोन आकृत्या छापलेलं एक पान असतं, एक पुढून, एक मागून. पहिल्याच दिवशी भाजलेली जागा त्यावर लाल पेन्सिलने रंगवायची. पुढे जखमा भरत जातात, कडा पुसट होतात, नवी कातडी धरते. त्यामुळे भाजल्याचं खरं चित्र पहिल्या दिवसाचंच. ते गेलं की कसं भाजलं हे सांगायला फक्त माणसं उरतात, आणि माणसं काय वाटेल ते सांगतात.

ते पान चार नंबरच्या खाटेवरच्या बाईचं होतं. आठवा महिना, पाव अंगाहून थोडं कमी भाजलेलं, आजचा नववा दिवस. घरच्यांनी सांगितलं होतं की स्वयंपाकघरात चहाचं पातेलं कलंडलं. तिनेही चौकीवरच्या हवालदारांना तोच जबाब दिला होता.

"सिस्टर," शिकाऊ डॉक्टरने आवाज खाली आणला, "तिच्या नवऱ्याचा अर्ज आलाय. उद्या बारा वाजता घरी नेतो म्हणतो, स्वतःच्या जबाबदारीवर. मोठ्या डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं की जखमा ओल्या आहेत, जंतू शिरले तर कळा कधीही सुरू होतील, मग बाळही जाईल आणि बाईही. पण तीच म्हणते, मला घरी जायचंय. मग आपण काय करणार?"

सात वर्षांपूर्वी याच वॉर्डातून मोठ्या सिस्टरांनी अशाच एका पोटुशीला घरी पाठवलं होतं. 'अपघात' असा कागद होता, ती स्वतःच्या पायांनी चालत गेली होती, दारात वळून हसलीसुद्धा होती. अठराव्या दिवशी ती परत आली. त्या वेळी तिलाही वाचवता आलं नाही आणि बाळालाही. त्या हसण्याची आठवण आली की मोठ्या सिस्टरांना आजही स्वतःचा राग येई.

उद्या बारापर्यंत वेळ होता.

२

जळीत वॉर्डाच्या दाराशी लाकडी मांडणी आहे. आत शिरणाऱ्याने, मग तो कुणीही का असेना, पायातलं काढून तिथे ठेवायचं, पाय धुवायचे आणि वॉर्डातल्या रबरी चपला घालायच्या. उघड्या जखमांपर्यंत धूळ पोचू नये म्हणून हा नियम. त्यात मोठ्या सिस्टर कुणाच्या बापाचं ऐकत नसत. एकदा भेटीला आलेल्या मोठ्या साहेबांनासुद्धा त्यांनी मोजे काढायला लावले होते.

चार नंबरचा नवरा दाराबाहेरच्या बाकावर बसला होता. मांडीवर थर्मास. नऊ दिवस तो रोज गरम दूध घेऊन यायचा, दारातून मावशींच्या हाती द्यायचा आणि डोळे पुसत बाकावर बसून राहायचा. वॉर्डातल्या मावशींनी त्याचं नाव 'थर्मासवाला' पाडलं होतं. असा नवरा शोधून सापडायचा नाही, असं त्या येताजाता म्हणत.

"आत या की," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "उद्या नेणार आहात, तर जखमा कशा धुवायच्या ते बघून घ्या."

"मला बघवत नाही हो सिस्टर." त्याचा आवाज मऊ होता. "आई बघेल. तिला सगळं दाखवा."

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"बाहेरच्या खोलीत. ती चहा करत होती. चहाचं पातेलं कलंडलं, ती घसरली, आम्ही धावलो."

"दुपारी अडीच वाजता चहा?"

"तिला हल्ली केव्हाही हुक्की येते. दिवसच तसे आहेत ना." तो हसला आणि उठला. "थोडं बिलाचं बघून येतो."

"बुटाची नाडी बांधा, पडाल," मोठ्या सिस्टर सवयीने म्हणाल्या. डाव्या बुटाची नाडी सैल सुटून फरशीवर लोळत होती. बाहेर रखरखीत ऊन होतं, लोक सँडल घालून फिरत होते, आणि याच्या पायात जाड काळे बूट. त्याने खाली पाहिलं, पण वाकला नाही. तसाच नाडी ओढत जिन्याकडे गेला.

३

नणंद दुपारी आली. कापडाच्या दुकानात काम करणारी, चटपटीत, थोडी फटकळ. मोठ्या सिस्टरांना तिच्यावर संशय यायला कारण होतं. काल हीच चार नंबरच्या खाटेशी फाईल हातात धरून उभी होती.

"हो, धरली होती. त्यात काय लिहिलंय ते बघत होते," ती म्हणाली. "तुमच्या त्या छोट्या डॉक्टरणीने काढून घेतली हातातून. वर बोलणी खाल्ली ती वेगळीच."

"काय झालं होतं घरी?"

"चहाचं पातेलं कलंडलं, वहिनी घसरली, दादा आणि आई धावले."

"तुम्ही होतात घरी?"

ती जराशी अडखळली. "मी दुकानात होते. मला दादाने सांगितलं."

तिच्यामागून सासूबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी मावशींना पंखा पुसायला सांगितला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला कण्हू नको म्हणून बजावलं आणि खिडकी लावायला लावली. वॉर्डात त्यांना सगळे 'हुकूमबाई' म्हणत. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या होत्या, तरी हुकूम बोटाच्या इशाऱ्यानेच सुटत. सुनेशी त्या एक शब्द बोलत नसत. तिच्या पायथ्याशी स्टूल ओढून घेत आणि तिच्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसत, पहाऱ्याला बसावं तशा.

"हिनेच केलं असणार," शिकाऊ डॉक्टर मोठ्या सिस्टरांच्या कानाशी लागली. "हात बघा ना. ओतताना भाजले असतील. आणि आता सून काही बोलू नये म्हणून राखण करत बसते."

मोठ्या सिस्टरांनाही नऊ दिवस तसंच वाटत होतं. किंबहुना तसं वाटणं सोपं होतं. पण पट्टीत गुंडाळलेल्या बोटांनी फाईलमधलं पान कसं काय फाडता येईल, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

तेवढ्यात ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन मावशी आल्या आणि पांढऱ्या मलमाचा डबा उघडून थेट चार नंबरकडे वळल्या.

"अहो मावशी, किती वेळा सांगू? तिला पांढरं नाही चालत," मोठ्या सिस्टर ओरडल्या. "पोटात बाळ आहे, त्याला ते बाधतं. सगळ्या वॉर्डाला पांढरं, तिला एकटीला पिवळं."

बोलता बोलता त्या थांबल्या. हातातलं ड्रेसिंगचं पाकीट त्यांनी ट्रॉलीवर ठेवून दिलं आणि टेबलाकडे जाऊन फाईल पुन्हा उघडली. डाग पिवळाच होता.

४

त्यांनी चार नंबरच्या भोवतीचा पडदा ओढला आणि सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं. हुकूमबाई कुरकुरल्या, पण गेल्या.

ती डाव्या कुशीवर पडून होती. पोटुश्या बायकांना डाव्या कुशीवरच झोपवतात, बाळाला रक्त नीट पोचतं म्हणून. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्यांत. डावा हात मोकळा, आणि त्या हाताच्या बोटांना पिवळा तेलकटपणा.

"परत खाजवलंस ना?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"नवी कातडी खाजते हो फार." ती ओशाळून हसली.

मोठ्या सिस्टरांनी तिच्या पोटाखालची उशी हळूच सरकवली आणि अभ्र्यात हात घातला. आत चार घड्या घातलेला कागद होता.

तिचं हसू मावळलं. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र तिच्या उशाशी ठेवलेलं होतं. मोठ्या सिस्टरांनी ते सुरू करून पोटाला लावलं, बाकी काही सुचेना म्हणून. टपटपटप आवाज पडद्याआड भरून राहिला.

"तुझं बोट मलमाने माखलेलं, हातात हातमोजा नाही, दुसरा हात निकामी," त्या म्हणाल्या. "माझ्या हातमोज्याच्या रेषा उमटत नाहीत. तुझ्या सासूबाईंच्या पट्ट्या कोरड्या. नणंदेला पिवळं मलम लागायचं काही कारण नाही. काल डॉक्टर इथे फाईल विसरून पळाल्या ना सात नंबरकडे?"

"त्याआधी त्या मोठ्याने बोलल्या," ती म्हणाली. "तुम्हीही होतात, सिस्टर. त्या म्हणाल्या, गंमत बघा, पातेलं कलंडलं तर पायांवर एक थेंब कसा नाही. ओघळ खाली जायला हवेत, आडवे कसे गेले. सगळं माझ्या डोक्यावरून बोललात. माझ्या सासूबाई इथेच बसल्या होत्या. त्यांनी घरी सांगितलं असतं तर?"

मोठ्या सिस्टरांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. खाटेवरच्या माणसाला जणू कान नसतात असं बोलायची ही त्यांच्या धंद्यातली जुनी खोड. त्यांनी कालच्या त्या गप्पांत मान डोलावली होती.

त्यांनी घडी उलगडली. आकृतीची उजवी बाजू लाल होती. खांदा, दंड, हाताची पाठ, कूस, कंबर. तिथून लाल पट्टे पोटावरून आडवे डावीकडे गेले होते, पाणी पलंगाकडे उतरत गेलं असावं तसे. पाय पांढरेच. आणि पोटाच्या मधोमध, बेंबीच्या जरा वर, लालात एक पांढरी जागा सोडलेली होती. पसरलेल्या पंजाएवढी. बोटंसुद्धा मोजता येत होती.

"तू उभी नव्हतीस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "डाव्या कुशीवर झोपली होतीस. उजवा हात पोटावर ठेवून. हाताची वरची बाजू भाजली आणि हाताखालची जागा वाचली. आणि तो चहा नव्हता गं. पहिल्या दिवशी मी स्वतः धुतलं तुला, एक चहाची पत्ती निघाली नाही की साखरेचा चिकटा लागला नाही. एवढं भाजायला पातेलं पुरत नाही, बादली लागते."

यंत्रातले ठोके चालूच होते.

"मी बहिणीकडे जाते म्हणाले होते," ती शेवटी म्हणाली. "चिमणीला घेऊन. कायमची. बॅग भरून ठेवली आणि जरा आडवी झाले." मग तिने मोठ्या सिस्टरांचं मनगट धरलं. "ते पान फाडून टाका. माझी चिमणी घरी आहे, सिस्टर. साडेचार वर्षांची. दवाखान्यात आणताना तो मला एवढंच म्हणाला, तू काही बोललीस तर तिची दुधाची वेळ मीच सांभाळीन. गरम दूध."

मोठ्या सिस्टरांना दाराबाहेरच्या बाकावरचा थर्मास आठवला.

५

सासूबाईंच्या हातांचं ड्रेसिंग रोज बाहेरच्या विभागात व्हायचं. त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी त्यांना स्वतःच्या टेबलाशी बसवलं आणि पट्ट्या सोडल्या.

तळवे सोलवटलेले होते. बोटांची आतली बाजू, अंगठ्याचा उंचवटा, सगळं. हात उलटा केला तर पाठ स्वच्छ.

"बादली ओतणाऱ्याचे तळवे भाजत नाहीत," मोठ्या सिस्टर कापूस फिरवत म्हणाल्या. "त्याची मूठ कडीवर असते. त्याच्या अंगावर उडालंच तर खाली उडतं, पायांवर. तळवे भाजतात ते कढत पाण्याने भिजलेलं कापड मुठीत धरून ओढणाऱ्याचे. तुम्ही तिचा गाऊन फाडून काढलात ना?"

हुकूमबाई आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या.

"तो गाऊन अंगावर आणखी मिनिटभर राहता, तर बाळ त्याच दिवशी गेलं असतं. तुम्ही वाचवलंत दोघांना. नऊ दिवसांत कुणी तुम्हाला हे सांगितलं नसेल."

म्हातारीने डोळे पुसायला हात उचलला, तर तो मोठ्या सिस्टरांच्या हातात. "माझं पोर आहे ते," ती म्हणाली.

"मग तुम्ही रोज दाराकडे तोंड करून का बसता? कुणी आत येऊ नये म्हणून?"

तिने पुन्हा दाराकडे पाहिलं.

"काल डॉक्टर बोलल्या ते तुम्ही ऐकलंत. घरी सांगितलंत?"

म्हातारीने नकारार्थी मान हलवली.

मोठ्या सिस्टरांनी नवी पट्टी गुंडाळली. "नातीला शाळेतून कोण आणतं?"

"मीच आणते. अकराला सुटते."

"उद्या घरी नेऊ नका. सरळ इथे घेऊन या."

"लहान मुलांना आत सोडत नाहीत तुम्ही. मीच वाचलाय तो बोर्ड."

"तो बोर्ड मीच लावलाय. उद्यापुरता नाही बघणार त्याच्याकडे."

सासूबाई उठल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मांडणीतल्या आपल्या चपला पायात सरकवून, मागे वळून न बघता जिना उतरून गेल्या. आता ही बाई घरी जाऊन मुलाला काय सांगणार, हा विचार काही केल्या मोठ्या सिस्टरांची पाठ सोडेना.

६

दुसऱ्या दिवशी साडेअकराला नवरा आला. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात थर्मास. हवालदार दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मोठ्या सिस्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की आज एक सही साक्षीने व्हायची आहे.

"सही खाटेपाशी, पेशंटसमोर करायची," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बूट काढा, पाय धुवा, आत या."

"इथेच करतो की. कागद तोच आहे."

"नियम आहे."

"नियमाला थोडी माणुसकी असते, सिस्टर. मला नाही बघवत." त्याने हवालदारांकडे पाहून मान हलवली. हवालदारांनाही ते पटलं असावं. "सिस्टर, सोडा ना," ते म्हणाले.

पावणेबारा झाले. जिन्यावर कुणी दिसेना. सव्वाअकरापर्यंत यायला हवं होतं. मोठ्या सिस्टरांनी तीनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहताना त्यांना सात वर्षांपूर्वीचं ते दारात वळून हसणं आठवलं.

मग जिन्यात हळू पावलं वाजली. हुकूमबाई एकेक पायरी चढत होत्या, आणि त्यांच्या पट्टीतल्या हाताचं एक बोट धरून शाळेच्या कपड्यातली एक मुलगी.

"हिला कशाला आणलंस?" नवऱ्याच्या आवाजातला मऊपणा गेला होता.

म्हातारी वाकली, नातीचे इवले बूट पट्टीतल्या हातांनी कसेबसे काढून तिने मांडणीत आपल्या चपलांशेजारी ठेवले आणि मुलीला मोठ्या सिस्टरांच्या हाती दिलं. मुलगी पडद्याआड गेल्यावरच ती मुलाकडे वळली.

"बूट काढ."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"नऊ दिवस बघतेय मी तुला ते बूट घालताना. आज काढ."

हवालदार खुर्चीवरून उठले. त्याने उजवा बूट काढला आणि थांबला. डाव्या बुटाला हात लावेना. हवालदारांनीच त्याला बाकावर बसवलं आणि बूट ओढला, तसा तो कळवळला. मोजा घोट्याला चिकटून बसला होता, पिवळ्या पाण्याने ओला. पावलावर थेंबाथेंबाने भाजल्याच्या खुणा होत्या, वरून पडलेल्या पाण्याच्या.

"नऊ दिवस दवाखान्याच्या दारात बसून हा माणूस स्वतःच्या पायाला मलम मागायला आला नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आत आला असता तर पाय दिसले असते. म्हणून बघवत नव्हतं. हवालदार, ते पान माझ्याकडे आहे. पण आधी तिचं ऐका."

त्यांनी पडदा सरकवला. ती डाव्या कुशीवर होती. मुलगी खाटेला टेकून उभी होती आणि आईला कुठे हात लावू हे न कळून दोन्ही हात पाठीमागे धरून होती.

"जबाब बदलायचाय," ती हवालदारांकडे बघत म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. "मी स्वयंपाकघरात नव्हते. मी झोपले होते."

हवालदार लिहू लागले. शिकाऊ डॉक्टर भिंतीशी उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या खेपेस ती मोठ्याने काहीच बोलली नाही. दाराशी सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, आज पहिल्यांदा सुनेकडे तोंड करून.

बाळाचं पुढे काय होईल हे मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. अजून पाच आठवडे काढायचे होते, जखमा भरायच्या होत्या, कळा थोपवायच्या होत्या. मोठ्या सिस्टरांनी ठोके मोजले आणि फाईलमध्ये लिहिले.

"आई, तुला कुठे हात लावू?" मुलगी विचारत होती. "सगळीकडे दुखतं का?"

तिने डाव्या हाताने पोटावरची चादर बाजूला केली. पट्ट्यांच्या मधोमध एक मोकळी जागा होती, धड, स्वच्छ, पसरलेल्या पंजाएवढी. मुलीचा हात धरून तिने तो तिथे ठेवला.

"इथे ठेव," ती म्हणाली. "इथे नाही दुखत."